‘घरातलं जुनं घेऊन या’: एका छोट्या संग्रहालयाच्या मित्रमंडळाचं प्रकरण

मराठवाड्यात गोदावरीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीन खोल्यांचं संग्रहालय आहे. गावाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. प्रकरण अजून सरकारदरबारी आहे, आणि त्यातल्या शेतकऱ्याला त्याच गावात राहायचं आहे.

हे संग्रहालय एका मुख्याध्यापकांनी जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलं. गावात त्यांना सगळे नुसतं ‘गुरुजी’ म्हणायचे. पूर ओसरला की पोरांना घेऊन नदीकाठी हिंडायचं आणि काठ ढासळून जे उघडं पडेल ते उचलून आणायचं, हा त्यांचा नाद. खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, भाजक्या मातीची डोकी. पैठण, तेर, भोकरदन ही सातवाहनकाळाची मोठी नावं, पण त्यांच्या अधल्यामधल्या कितीतरी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत तोच माल आहे. गुरुजी गेल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी विश्वस्त संस्था केली, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली. पगारी माणूस एकच, कुलूप उघडणारा. बाकी सगळं मित्रमंडळ बघतं. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक मेडिकलवाले, एक एसटी कंडक्टर, कॉलेजच्या दोन मुली आणि एक निवृत्त तलाठी. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी तलाठ्यांना गाव अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतं. मंडळाची नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि जमाखर्चाची एक वही, एवढंच मंडळ. हे ध्यानात ठेवा, पुढे याचाच घोळ झाला.

मंडळाचे कार्यक्रम आधी सगळीकडे असतात तसेच होते. दर महिन्याला व्याख्यान, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, प्रास्ताविक लांबलेलं, आभार त्याहून लांबलेले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून आपल्याकडे सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे व्याख्यान हे समीकरण पक्कं झालंय. त्यात वाईट काही नाही, पण तीन खोल्यांच्या संग्रहालयात वस्तू आत आणि श्रोते बाहेर मांडवात, असं चित्र व्हायचं. व्याख्यान संपलं की लोक चहा घेऊन घरी जात. आत डोकावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मोडी लिपीच्या वर्गानं हे बदललं. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या खोलीत चालणारा हा वर्ग आधी जेमतेम तग धरून होता. सप्टेंबर 2023 मध्ये मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि चित्र पालटलं. पेटीतले, माळ्यावरचे, पत्र्याच्या ट्रंकेतले कागद बाहेर आले. मोडी वाचणारा माणूस एकदम महत्त्वाचा झाला, आणि जुन्या उर्दू कागदांसाठी तर मशिदीजवळच्या एका वृद्ध मौलवीसाहेबांची मंडळाला मनधरणी करावी लागली. लोक मोडी शिकायला कमी आणि ‘एवढं एक वाचून द्या’ म्हणायला जास्त यायचे, हे खरं. मंडळानं तेव्हा एक शहाणपणा केला. वाचून सांगू, पण लिहून देणार नाही, सही-शिक्का तर नाहीच, असं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं. जमिनीच्या भांडणात आपलं वाचन कोर्टात पुरावा म्हणून जाऊ नये यासाठी. भाऊसाहेबांचा आग्रह होता तो. चाळीस वर्षं सातबारा लिहिलेल्या माणसाला कागदाची भीती बरोब्बर कळते.

याच वर्गातून पुढची कल्पना निघाली. लोक कागद आणतात, मग वस्तूही आणतील. 18 मे हा जागतिक संग्रहालय दिन, 2025 साली तो रविवारी आला. ‘घरातलं जुनं घेऊन या, आम्ही ओळखून सांगू’ असं पत्रक निघालं. वर संस्थेचं नाव, खाली मंडळाचं. तीन टेबलं मांडायची ठरली: कागद, भांडी-मूर्ती, नाणी. नाण्यांच्या टेबलावर मला बोलावलं होतं. मी संग्रहालयांच्या नोंदवह्या लावून देण्याचं काम करते, नाणी हा त्यातला माझा आवडता भाग.

मे महिना निवडण्यामागे ‘दिन’ होताच, पण सोयही होती. पेरणीला वेळ असतो, मुलांना सुट्टी असते, मुंबई-पुण्याला गेलेली माणसं गावी आलेली असतात. एक गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही. विहिरी खोदणं, शेततळी घेणं, गाळ काढणं हेही मेमध्येच चालतं. जमिनीतून काही निघायचं तर याच दिवसांत निघतं.

सकाळ फार छान गेली. भांड्यांच्या टेबलावर गुंडे, घंगाळी, तांब्याचा बंब, अडकित्ते, एक पितळी पानदान. एक आजी देवघरातले चांदीचे टाक घेऊन आल्या. टेबलावर ठेवायला त्या तयार होईनात, ‘देव आहेत ते, सतरंजीवर नाही ठेवायचे.’ कॉलेजच्या मुलीनं त्यांना खुर्ची दिली आणि टाक त्यांच्या मांडीवर ठेवूनच पाहिले. खंडोबा, देवी, आणि एक वीर. तिसरा कोण हे आजींनाही ठाऊक नव्हतं. घराण्यात कुणी अकाली किंवा लढाईत गेलं तर त्याचा टाक करून पुजतात, हे सांगितल्यावर त्यांना एकदम सासऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली आणि त्या बराच वेळ बोलत बसल्या. दहा व्याख्यानांत जमलं नसतं ते त्या खुर्चीवर जमलं, असं माझं मत आहे.

माझ्या टेबलावर शिवराया भरपूर. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. पेशवाईतही पाडल्या गेल्यामुळे घरोघरी सापडतात, आणि प्रत्येकाला आपली शिवराई महाराजांच्या हातातून आलेली वाटते. निझामाचे चारमिनारवाले रुपये, 1835 नंतरचे कंपनीचे पैसे. आणि अर्थातच ती नाणी, ज्यांच्यावर राम-सीता-हनुमान आहेत, खाली इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 किंवा थेट 1616 साल. कंपनीनं असली नाणी कधीच पाडली नाहीत. अलीकडे ओतलेली ही बिल्ली आहेत. पण यांच्याभोवती ‘तांदूळ ओढणाऱ्या नाण्या’चा, म्हणजे नाण्यात तांदूळ खेचायची जादूई शक्ती असल्याच्या थापेचा, धंदा उभा आहे, आणि त्यात लोकांनी जमिनी विकलेल्या आहेत. एका गृहस्थांनी हळूच कानाशी येऊन सांगितलं, ‘मॅडम, दोन लाख देत होता एकजण, मी दिलं नाही.’ खरं सांगितल्यावर ते रागावले नाहीत, गप्प झाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीच्या खोट्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. ती बातमी कंडक्टरसाहेबांनी छापून टेबलावर चिकटवली होती, पण ‘आमच्या नाण्याचं तसं नाही हो’ असंच प्रत्येकजण म्हणत होता.

किंमत सांगायची नाही हा नियम मी आधीच घालून घेतला होता. तो पाळणं किती अवघड आहे हे मंडळाला त्या दिवशी कळलं. ‘जुनं आहे का?’ याच्या पाठोपाठ ‘किती येतील?’ हे येतंच.

जेवणाच्या थोडं आधी एक शेतकरी काका आणि त्यांचा पुतण्या आले. पुतण्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण उघडलं आणि ओल्या मातीचा वास आला. आत हिरवा गठ्ठा होता, नाणी गंजून एकमेकांना चिकटलेली, कडेला फुटक्या मडक्याची खापर अजून लागलेली. वर पाचसहा सुटी नाणी होती, ती मात्र लखलखीत. ‘चिंच-मीठ लावून घासली,’ पुतण्या कौतुकानं म्हणाला. एक हातात घेतलं. सोंड वर केलेला हत्ती, काठाला ब्राह्मी अक्षरांचे अवशेष. अक्षरांची टोकं चिंचेनं खाल्लेली, त्यामुळे राजाचं नाव लागेना. मागे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या चार टोकांना चार गोल. सातवाहनांची पोटीनची नाणी. पोटीन म्हणजे तांबं, शिसं, कथील असल्या धातूंचं मिश्रण. विहिरीच्या खोदाईत सहासात हातांवर मडकं फुटलं होतं, चार दिवसांपूर्वी.

मी मान वर केली तोवर टेबलाभोवती पंधरावीस माणसं आणि निम्म्यांचे मोबाइल. कुणीतरी डब्याचा फोटो स्टेटसला टाकलासुद्धा. ‘कुठल्या शिवारात?’ हा प्रश्न दोघांतिघांनी विचारला, आणि काकांनी भाबडेपणानं गट नंबरासकट उत्तर दिलं.

डबा बंद करून दोघांना आतल्या खोलीत नेलं. तिथे पाऊण तास जी चर्चा झाली तीच या प्रकरणाचा गाभा आहे. मेडिकलवाल्यांचं म्हणणं, आपण काही पाहिलंच नाही, काकांनी डबा घेऊन जावं. उगाच गरीब माणसाला लफड्यात कशाला घालायचं? एका शिक्षकांना वाटत होतं की काकांनी नाणी संग्रहालयाला दान द्यावीत. गुरुजींनी तरी काय केलं होतं, जमिनीतलंच आणून ठेवलं होतं ना? एका विश्वस्तांना फोन लावला तर ते म्हणाले, ताबडतोब पोलिसांना कळवा आणि मोकळे व्हा. काका हे सगळं ऐकत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, ‘सरकारजमाच व्हायचं असेल तर आम्ही कशाला आणलं असतं इथं?’

भाऊसाहेबांनी तोवर तोंड उघडलं नव्हतं. मग त्यांनी कायदा सांगितला, आणि त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे काकांना उद्देशून. याला दफिना म्हणतात. कायदा इंग्रजांच्या वेळचा, 1878 चा निखात निधी अधिनियम. दहा रुपयांवर किमतीचं काहीही जमिनीत पुरलेलं सापडलं तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं. वस्तू जवळच्या सरकारी खजिन्यात ठेवायची किंवा कलेक्टर मागेल तसा जामीन द्यायचा. कळवलं नाही तर तुमचा त्यावरचा हिस्सा गेला, वर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. कळवलं तर? कुणी मालक पुढे आला नाही तर निधी बिनमालकी ठरतो, आणि मग हक्क सापडणाऱ्याचा. जागेचा मालक वेगळा असेल आणि दोघांत करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा मालकाला. ‘इथं तर जमीन तुमचीच, विहीर तुमचीच.’ म्हणजे सगळं आपोआप सरकारजमा होतं ही समजूत चूक आहे. हे ऐकून काकांपेक्षा मंडळातल्या माणसांनाच जास्त आश्चर्य वाटलं.

पण पुढचं वाक्यही भाऊसाहेबांनी लपवलं नाही, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. सरकारला निधी ठेवून घ्यायचा असेल तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. धातूची किंमत! सोन्याच्या मोहरा असत्या तर ठीक. सव्वा किलो पोटीनचे भंगाराच्या भावानं फारसे पैसे होणार नाहीत. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सोनं-चांदी होती. इतिहासाच्या दृष्टीनं जे मोलाचं, ते वजनात कवडीमोल असू शकतं हे त्यात बसतच नाही. इंग्लंडनं आपला कायदा 1996 मध्ये बदलला. तिथे सापडलेला निधी संग्रहालयानं घेतला तर बाजारभावाइतकं बक्षीस ठरवून देतात, आणि जी वस्तू कायद्यात बसत नाही तीही लोकांनी खुशीनं दाखवावी यासाठी जागोजागी नोंद करणारी माणसं नेमलेली आहेत. आपल्याकडे शेतकऱ्यानं प्रामाणिकपणे कळवावं यासाठी कायद्यात धाक आहे, ओढ फारशी नाही. अशा वेळी मधे कुणीतरी विश्वासाचं माणूस लागतं. त्या रविवारी ते काम मंडळाकडे आलं, कुणी न सोपवता.

दान घेण्याचा प्रश्न मी निकालात काढला. निखात निधीची चौकशी व्हायच्या आत संग्रहालयानं ती वस्तू घेणं म्हणजे संस्थेनंच अडकणं. शिवाय गठ्ठा फुटता कामा नये. 1939 साली विदर्भात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा सापडला. पुराणांच्या यादीत नसलेले सातवाहन राजे त्या नाण्यांवरून कळले. साठा फुटून चार सराफांकडे गेला असता तर ते राजे पुन्हा गाडले गेले असते. हे काकांना सांगितलं तेव्हा पुतण्याचा चेहरा पहिल्यांदा बदलला. त्यानं घासलेली नाणी परत डब्यात ठेवली आणि विचारलं, ‘मग ही पाच वाया गेली का?’ गेली नाहीत, पण उरलेल्यांना पाणीही लावू नकोस, एवढं सांगितलं.

रविवार असल्यामुळे तहसील बंद. रात्रभर डबा कुठे ठेवायचा? संग्रहालयात नाही, हे भाऊसाहेबांनी ठामपणे सांगितलं. ‘ज्याला सापडलं त्याच्या ताब्यात.’ डब्याला दोरा गुंडाळून लाख लावली, काकांची आणि दोन पंचांची सही घेतली. अर्ज काकांच्या नावानं, भाऊसाहेबांच्या हस्ताक्षरात. संध्याकाळी काकांना दोन अनोळखी फोन आले, नाणी विकत घेतो म्हणून. स्टेटसचा प्रताप. सोमवारी सकाळी तहसीलदारांकडे अर्ज, पंचनामा, वजन (गठ्ठा फोडला नाही म्हणून नग लिहिले नाहीत, हे भाऊसाहेबांनी अडून बसून करून घेतलं), आणि सीलबंद डबा उपकोषागारात. एक प्रत कलेक्टर ऑफिसला, एक पुरातत्त्व विभागाला.

कागदोपत्री सगळं नीट झालं, आणि गावात बोभाटा झाला. ‘संग्रहालयात काही नेलं की सरकार नेतं’ ही अफवा चार दिवसांत सगळीकडे पसरली. मोडीच्या वर्गाला येणारे दोघेतिघे कागदसुद्धा आणेनासे झाले. काकांच्या विहिरीवर रात्री कुणीतरी उकरून गेलं. ते ऐकल्यावर मंडळातली मुलगी रडली, कारण गर्दीला हटवायचं काम तिच्याकडे होतं. दोष तिचा नव्हता. नाण्यांचं टेबल उघड्यावर मांडण्याचा निर्णय मंडळाचा होता.

विश्वस्त वेगळ्याच कारणानं चिडले. पत्रकावर संस्थेचं नाव, पण बैठकीच्या इतिवृत्तात कार्यक्रमाला मंजुरीच नाही. मंजुरी तोंडी दिलेली. उद्या त्या नाण्यांतलं एक कमी भरलं असतं तर जबाब कुणी द्यायचा, असा त्यांचा प्रश्न, आणि तो रास्त होता. मंडळाला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही. मंडळाच्या लोकांना हे लागलं, ‘इतकी वर्षं राबतो ते कुणासाठी?’ दोन महिने दोन्हीकडे बोलणं बंद होतं. गणपतीत एकाच मांडवात दोघांनी वेगवेगळी वर्गणी दिली.

दसऱ्याच्या सुमारास समेट झाला तो एका पानाच्या करारावर. मंडळाचे कार्यक्रम आता संस्थेचेच उपक्रम मानले जातात, वर्षाचं वेळापत्रक विश्वस्त आधी मंजूर करतात, पैसे संस्थेच्या पावतीवर जमा होतात. मंडळानं त्याबदल्यात एक मागून घेतलं. आलेल्या माणसाशी काय बोलायचं आणि त्याला कसली मदत करायची, हे मंडळ ठरवणार. नाण्यांचं टेबल आतल्या खोलीत, एका वेळी एक कुटुंब, मोबाइल बाहेर टोपलीत. नोंदवहीत वस्तूचं वर्णन आणि तारीख, गाव-शिवार नाही.

वाद उरला तो पत्रकातल्या एका ओळीवरून. विश्वस्तांचा मसुदा होता, ‘जमिनीत सापडलेल्या वस्तू कृपया आणू नयेत.’ माझा याला विरोध होता आणि आहे. असं लिहिलं की संग्रहालय सुरक्षित राहतं, आणि डबा सराफाच्या मुशीत जातो. भाऊसाहेबांनी ओळ बदलली, ‘शेतात काही सापडलं असेल तर धुऊ नका, हलवू नका, आधी येऊन विचारा.’ आता मोडीच्या वर्गानंतर महिन्यातून एकदा ते याच विषयावर अर्धा तास बसतात. नाव काही नाही कार्यक्रमाला. श्रोते कधी तीन, कधी पंधरा. हिवाळ्यात एकजण येऊन नुसता बोलून गेला, वस्तू न दाखवता. नंतर त्यानं स्वतःच तहसीलला अर्ज दिला असं कानावर आलं.

यंदा 18 मे सोमवारी आहे, म्हणून ‘घरातलं जुनं’ आदल्या दिवशी, रविवारी घ्यायचं ठरतंय. मंडळात अजून दोन तट आहेत. निम्म्यांना नाण्यांचं टेबल नकोच आहे, एप्रिलच्या सभेत हात वर करून काय तो निकाल लागेल. दफिन्याची चौकशी चालू आहे. तपासणी झाल्यावर निदान काही नाणी इथे मांडायला मिळावीत असं पत्र संस्थेनं पुरातत्त्व विभागाला दिलं आहे, उत्तर यायचंय. काका मध्यंतरी येऊन रिकामं कपाट पाहून गेले. नाणी आली तर पाटीवर आपलं नाव घाला म्हणतात. विहीर उकरली गेल्यापासून पुतण्या मात्र नको म्हणतोय.